नोकरी सांभाळून इंग्लंडात फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळायचं असेल तर

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅच बघत वाढलो. आता यॉर्कशायरमध्ये राहतो, आठवडाभर गोदामात काम करतो आणि शनिवारी दुपारी तीनला वरून नवव्या स्तरावरच्या लीगमधल्या एका क्लबकडून मधल्या फळीत खेळतो. गावाकडची पोरं फोन करून विचारतात, ‘दादा, तिकडं खेळायला कसं मिळतं?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी व्हिसा बघा. विद्यार्थी व्हिसावर अर्धव्यावसायिक क्लबकडून खेळता येत नाही, फुकट खेळलात तरी नाही. शिक्षण धोक्यात घालू नका, तोवर हौशी संघात खेळा.

कागदपत्रं स्वच्छ असतील तर पायरी नीट निवडा. वरच्या चार स्तरांत 92 क्लब आहेत, तिथं खेळणं हीच नोकरी. पाचव्यावर नॅशनल लीग, तिथलेही बरेच क्लब पूर्णवेळ चालतात. सातव्या-आठव्यावर नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन या लीग. नवख्यानं नववा-दहावा स्तर धरावा, आणि क्लब घरापासून पाऊण तासाच्या आतला. उन्हाळी सराव सुरू व्हायच्या आधीच, जूनमध्ये, क्लबच्या सचिवाला फोन करा. सप्टेंबरात गेलात तर संघ ठरलेला असतो.

जेमी व्हार्डी इथल्याच स्टॉक्सब्रिजकडून खेळताना कारखान्यात काम करायचा, आणि 2016 मध्ये लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. मला त्याचं फार कौतुक आहे. पण घरखर्चाचा हिशेब त्याच्याकडं बघून मांडू नका. आमच्या क्लबात पेट्रोलचे पैसे आणि वर थोडंफार मिळतं, एवढंच.

मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, कधी मंगळवारी रात्री पावणेआठची मॅच. सुपरवायझरशी आधीच बोलून हे दिवस मोकळे करून घ्या, बदल्यात रविवारची शिफ्ट घ्या.

चौथ्या वर्षी माझ्या घोट्याचा लिगामेंट फाटला. सहा आठवडे कामावर जाता आलं नाही आणि तेव्हाच्या क्लबनं फोन उचलणंच बंद केलं. दुखापत झाली तर बुडालेल्या पगाराचं काय, हे सही करायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता खेळाचं. जानेवारीत मैदान पाण्यानं जड झालेलं असतं, चेंडू मध्येच थांबतो. गोलकीपर लांब मारतो, त्यांचा सेंटरहाफ, म्हणजे मधला बचावपटू, आणि आपला फॉरवर्ड एकदम उडी मारतात आणि चेंडू दहा-पंधरा पावलांवर कुठंतरी पडतो. मधल्या फळीतल्या माणसाची किंमत तिथं ठरते. चेंडू हवेत असतानाच दोनदा मान वळवून बघून घ्या, आपलं कोण मोकळं आहे, त्यांचं कोण धावत येतंय. मग उडी मारणाऱ्याच्या खांद्यांकडं बघा, चेंडू कुठं उतरेल याचा अंदाज तिथून येतो. पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढं ढकला. कोल्हापुरात मी चेंडू पायाखाली दाबून मग विचार करायचो. इथं पहिल्याच मॅचमध्ये तसा तीनदा चेंडू गेला, त्यातल्या एकावर गोल झाला.

पंचाशी हुज्जत घातली तर या स्तरावर दहा मिनिटं बाहेर बसवतात. तेवढ्या वेळात मधली फळी उघडी पडते. राग आला तर चेंडूमागं पळा.

बॅगेत स्क्रूचे लांब स्टड, ते आवळायचा पाना आणि कोरड्या मोज्यांचा जास्तीचा जोड ठेवा. मध्यंतरात मोजे बदलले की दुसऱ्या हाफमध्ये पाय हलके उचलतात.