नर्सिंगला प्रवेश घेताय? या चुका टाळा

दीड वर्षापूर्वी एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या वॉर्डात आली. हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्का. 'एक वर्षाचा नर्सिंग कोर्स, शंभर टक्के नोकरी' असं सांगून एसटी स्टँडजवळच्या एका संस्थेनं फी घेतली होती. सोयाबीनच्या पट्टीचे सगळे पैसे त्यात गेले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "काउन्सिलचा नोंदणी क्रमांक सांगा." त्या कागदावर तो कधीच मिळणार नव्हता.

म्हणून फीचा आकडा विचारायच्या आधी नोंदणीचं विचारा. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी मिळवून देणारे सुरुवातीचे कोर्स तीनच: एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' अशा नावांचे कोर्स मदतनीसाचं काम देतात. ते कामही मोलाचंच, पण त्यातून नर्स होता येत नाही. कॉलेजची मान्यता चालू वर्षाची आहे का, हे काउन्सिलच्या यादीत स्वतः बघा. ऑफिसच्या भिंतीवरच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

दुसरी चूक म्हणजे कॉलेजची इमारत बघायची आणि हॉस्पिटल बघायचंच नाही. विद्यार्थ्यांना ज्या हॉस्पिटलात पाठवतात, तिथल्या वॉर्डात सकाळी दहाला जाऊन उभे राहा. खाटांवर पेशंट आहेत का? सुई टोचायला पुतळ्यावर शिकता येतं, पण शीर सापडायला घामेजलेला, घाबरलेला माणूसच समोर लागतो. रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलींचे हात पहिल्या नोकरीत थरथरतात, हे मी दरवर्षी बघते.

"आर्ट्स घेतलं, आता नर्सिंग संपलं" असं समजून कित्येक जणी घरी बसतात. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं हे खरं. जीएनएमला मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के हवेत. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवीही मिळते. सायन्सवाल्यांची चूक उलटी असते. नीटच्या नादात राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीचा फॉर्मच भरायचा राहतो. आणि जातवैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज अकरावीतच करा, प्रवेशाच्या धावपळीत ते हाती येत नाही.

पगाराचं बोलू. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालात तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनच 44,900 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण जीएनएम झालेल्यांना त्यासाठी किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. इथेच पुष्कळ जणी फसतात. घराजवळ म्हणून दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये चार वर्षं राबतात आणि तो अनुभव तिथे धरला जात नाही. पहिली नोकरी घेताना खाटा मोजा आणि सोडताना खाटांची संख्या लिहिलेलं अनुभवपत्र मागून घ्या.

परदेशी जायचं असेल तर एजंटाच्या आधी परीक्षेची चौकशी करा. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा लागते. जर्मनीत पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-2 पातळीची (सहा पायऱ्यांतली चौथी) जर्मन यावी लागते. भाषेला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच शिकायला लागा.

लॅब टेक्निशियन, फार्मसी, फिजिओथेरपी, कुठेही जा, हाच प्रश्न विचारा: नोंदणी कुठे होणार? डी.फार्म.वाल्याला फार्मसी काउन्सिलच्या नोंदणीशिवाय मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येत नाही.

ती मुलगी बारावी आर्ट्सच होती, 52 टक्क्यांची. आता जीएनएमला आहे. परवा फोनवर सांगत होती, "मॅडम, आज पहिल्याच टोचणीत शीर सापडली."