जुना पीसी नाशिकला, तुम्ही पुण्यात: मॉनिटर काढण्याआधी काय करावे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घराघरांतले कोअर टू ड्युओ, जुने आय३ वगैरे पीसी माळ्यावर जाऊन बसले. विंडोज ११ त्यांना दारात उभे करत नाही आणि भंगारवाला वजनावर भाव करतो. पण अशा पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तो राउटरशेजारी ठेवला, तर घरचे फोटो साठवायला, मोबाइलच्या बॅकअपला, बागेच्या किंवा दुकानाच्या हिशेबाच्या फायली ठेवायला तो भरपूर झाला. त्याला मॉनिटर लागत नाही, कीबोर्ड-माउसही लागत नाही. अशा यंत्राला हेडलेस सर्व्हर म्हणतात.

नाशिकमध्ये याची गरज पडणारी घरे पुष्कळ आहेत. घर इंदिरानगरला किंवा सिडकोत, तिथे आई-वडील. मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पुण्यात. म्हणजे यंत्र एका गावात आणि ते चालवणारा दोनशे किलोमीटरवर. दुरून जोडणी करणे हा यातला सोपा भाग. लाइट गेली, परत आली आणि यंत्र आपणहून उठलेच नाही, तर सगळे मुसळ केरात. म्हणून या लेखात जास्त जागा मॉनिटर काढण्याआधीच्या कामांना दिली आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

यंत्र ठेवण्याजोगे आहे का?

प्रोसेसर ६४ बिटचा हवा. कोअर टू ड्युओ २००६ साली आला; तो आणि त्यानंतरचे इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर बहुतेक चालतात. फक्त ३२ बिटचा असेल तर नाद सोडा, कारण आपण टाकणार ते डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. रॅम २ जीबी पुरते, कारण डेस्कटॉप टाकायचाच नाही.

विजेचा हिशेब आधी करून ठेवा, नाहीतर बिल आल्यावर घरात विषय निघतो. जुना डेस्कटॉप सतत ६० वॅट ओढत असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. जुना लॅपटॉप १५ वॅटवर चालला तर ११ युनिटच्या आत भागते. दोन्ही हाताशी असतील तर मी डोळे झाकून लॅपटॉप घेईन. त्याची बॅटरी थोडी जरी चालत असली तरी तोच यूपीएस झाला. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, ते खालून बघून घ्या. फुगलेली असेल तर लॅपटॉप वापरू नका.

बायोसमधली तीन कामे

पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिले की बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगची पाने, उघडते.

पहिले काम पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर. तिथे 'रीस्टोर ऑन एसी पॉवर लॉस', 'एसी बॅक' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' अशा नावाचा पर्याय असतो. तो 'पॉवर ऑन'वर ठेवायचा. 'लास्ट स्टेट' हा पर्याय दिसायला शहाणा वाटतो, पण तो घेऊ नका. उद्या पुण्यातून चुकून यंत्र बंद करून बसलात, तर 'लास्ट स्टेट'मध्ये ते बंदच राहते. 'पॉवर ऑन' असेल तर आईला फोन करून एवढेच सांगायचे, 'भिंतीवरचं बटण बंद कर, अर्ध्या मिनिटाने चालू कर.' मध्ये यूपीएस असेल तर बटण यूपीएसचे. सीपीयूवरचे नेमके कोणते बटण दाबायचे ते फोनवर समजावण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय सहसा नसतो. तिथे भिस्त बॅटरीवर.

दुसरे काम 'हॉल्ट ऑन' या पर्यायाचे. जुने मदरबोर्ड कीबोर्ड सापडला नाही की 'एफ१ दाबा' असे लिहून थांबतात. कीबोर्डच नाही, तर एफ१ दाबणार कुठे? हा पर्याय 'नो एरर्स' किंवा 'ऑल बट कीबोर्ड'वर ठेवला की ही अडवणूक संपते.

तिसरे काम सेलचे, आणि तेच बहुतेक जण विसरतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेल्या पीसीतला हा सेल मेलेलाच समजा. तो मेला की लाइट गेल्यावर बायोस सगळे विसरते: तारीख जाते आणि आत्ता लावलेले दोन्ही पर्यायही जातात. घड्याळाच्या दुकानात किंवा एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे सेल स्वस्तात मिळतो. आधी नवा सेल बसवा आणि मगच वरचे पर्याय लावा.

सीपीयू उघडलाच आहे तर पंख्यांतली धूळही ब्रशने काढून टाका.

डेबियन टाकताना

इन्स्टॉलरचे बहुतेक प्रश्न सरळ आहेत. दोन ठिकाणी लक्ष द्या. रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य मालक-खात्याचा, पासवर्ड विचारला जाईल तिथे काही न लिहिता पुढे जा. मग तुमच्याच खात्याला सुडोचा, म्हणजे कमांडआधी «सुडो» लिहून रूटची कामे करण्याचा, अधिकार मिळतो. शेवटी सॉफ्टवेअर निवडायच्या यादीत डेस्कटॉपच्या खुणा काढा आणि 'एसएसएच सर्व्हर' व 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' एवढेच ठेवा. एसएसएच म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून या यंत्रात शिरून कमांड देण्याची सोय. एसएसएच राहून गेले तर नंतर «सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर».

मग हार्ड डिस्कची नाडी बघा. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाकून «सुडो स्मार्टसीटीएल -ए» आणि पुढे डिस्कचे नाव दिले की एक तक्ता येतो. त्यात 'रीॲलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळींच्या शेवटी शून्य हवे. नसेल तर त्या डिस्कवर फोटो ठेवू नका. छोटी एसएसडी घ्या.

बाहेरची यूएसबी डिस्क कायमची जोडणार असाल तर चालू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या तिच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द हवाच. तो नसेल आणि कोणी झाडताना ती वायर काढून ठेवली, तर पुढच्या वेळी लिनक्स त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघते आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. तिथे नेटवर्कही नसते आणि एसएसएचही नसते.

लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपू नये म्हणून लॉगइनडी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'हँडललिडस्विच'ची किंमत 'इग्नोर' करा. त्या ओळीपुढचे हॅश चिन्ह काढायला विसरू नका.

घरातल्या घरात जोडणी

राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असते. तिथे पीसीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) देऊन एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. वायफायपेक्षा लॅन केबल वापरा. पीसी राउटरशेजारी ठेवायचा तो यासाठीच.

आता दुसऱ्या लॅपटॉपवरून «एसएसएच», पुढे तुमचे युजरनेम, ॲट चिन्ह आणि हा पत्ता. २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आणि विंडोज ११ मध्ये एसएसएच आयते असते. अँड्रॉइडवर टर्मक्स हे कमांड चालवण्याचे ॲप टाका. पहिल्या वेळी यंत्राची ओळख पटवणारा प्रश्न येतो, त्याला 'येस' म्हणा.

एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी तयार केले. त्याआधीचे टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचे, वाटेतला कोणीही वाचू शके. एसएसएच सगळे कूटबद्ध करून पाठवते. तरीही पासवर्डवर विसंबू नका, 'की' म्हणजे डिजिटल किल्ली बनवा. लॅपटॉपवर «एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९» दिले की दोन फायली तयार होतात. त्यातली 'पब' शेपटाची फाइल सर्व्हरवर जाते, दुसरी कोणालाही द्यायची नाही. मॅक, लिनक्स आणि टर्मक्सवर «एसएसएच-कॉपी-आयडी» हे काम करून देते. विंडोजमध्ये ती कमांड नाही. तिथे पब फाइलमधली ओळ कॉपी करून सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये चिकटवावी लागते.

ही किल्ली चालते याची खात्री झाली की सर्व्हरवरच्या एसएसएचडी कॉन्फिग फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' आणि 'परमिट रूट लॉगइन' या दोन्हींपुढे 'नो' लिहा. इथे घाई नको. फाइल बदलल्यावर «सुडो एसएसएचडी -टी» देऊन चूक तपासा, «सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच» द्या आणि चालू खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगइन करून बघा. नवे कुलूप लावल्यावर किल्ली चालते का ते दार उघडे असतानाच बघतात, तसेच हे. रीस्टार्टने आधीची जोडणी तुटत नाही, म्हणून पहिली खिडकी तुमची परतीची वाट असते. फायरवॉलचेही तसेच: यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करण्याआधी «सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच», मगच «इनेबल».

घराबाहेरून

जुने लेख सांगतात की राउटरमध्ये २२ नंबरचे पोर्ट, म्हणजे एसएसएचचे दार, फॉरवर्ड करून बाहेरच्यांना उघडा. हे करू नका. एक तर ते पोर्ट जगाला उघडे दिसले की पासवर्ड आजमावणारे बॉट लगेच येऊन धडकतात. दुसरे म्हणजे अनेक घरगुती फायबर जोडण्यांवर ते चालतच नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मग बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

सोपा मार्ग टेलस्केलचा; ते तुमच्या यंत्रांना इंटरनेटवरून एका खासगी जाळ्यात जोडते. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर चालते, आणि वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. घरगुती वापराला मोफत खाते मिळते. त्यांच्या साइटवर लिनक्ससाठीची एक ओळीची कमांड आहे, ती सर्व्हरवर चालवा. मग «सुडो टेलस्केल अप» म्हटले की एक लिंक दिसते; ती लॅपटॉपवर उघडून लॉगइन करा. तेच ॲप लॅपटॉप आणि मोबाइलवर टाकून त्याच खात्याने आत या. प्रत्येक यंत्राला १०० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता मिळतो. पुण्यात असा की परदेशात, एसएसएच त्याच पत्त्यावर करायचे.

यात एक सापळा आहे. टेलस्केलची यंत्राची की मुळात १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगइन मागते. सहा महिने सुरळीत चाललेला सर्व्हर एका सकाळी गायब होतो आणि कारण लवकर सुचत नाही. म्हणून ॲडमिन पानावर जाऊन या एका यंत्रासाठी 'डिसेबल की एक्स्पायरी' करा. मोबाइल-लॅपटॉपसाठी करू नका. ते हरवू शकतात.

जोडणी मध्येच तुटली तर

पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून मोबाइलवरून सर्व्हर अपडेट करायला घेतला, इगतपुरी सुटली, घाटातले बोगदे सुरू झाले आणि नेटवर्क गेले. साध्या एसएसएचमध्ये जोडणी तुटली की चालू असलेले कामही सहसा मध्येच मरते. त्यावर उपाय टीमक्स, म्हणजे सर्व्हरवरच काम धरून ठेवणारा प्रोग्रॅम. लॉगइन केल्यावर आधी «टीमक्स» आणि मग काय ते काम. कसाऱ्याला रेंज आली की पुन्हा लॉगइन करून «टीमक्स अटॅच». काम तोवर घरी चालूच असते. सुरक्षेची अपडेट मात्र हाताने करत बसू नका, अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज ती आपणहून करते.

निघण्याआधीची परीक्षा

मॉनिटर, कीबोर्ड, माउस काढा. यंत्र «सुडो पॉवरऑफ»ने नीट बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा, थोडे थांबून चालू करा (लॅपटॉप असेल तर त्याच्याच बटणाने चालू करा). मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून टेलस्केलच्या पत्त्यावर एसएसएच करा. आत गेलात तर पुण्याची गाडी पकडायला हरकत नाही.

राउटरलाही छोटा यूपीएस द्या. पावसाळ्यात लाइट येते-जाते तेव्हा पीसी टिकून राउटर बंद पडला, तर तुमच्या दृष्टीने दोन्ही बंदच. आणि मॉनिटर लगेच विकू नका. कधी यंत्र उठलेच नाही, तर घरच्यांनी व्हीजीए केबल लावून मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली की पुढचे फोनवर सांगता येते. ती केबल सीपीयूच्या मागेच गुंडाळून बांधून ठेवा.