सेफ्टी रेझर नवीन घेतलाय, आता ब्लेड कुठलं घ्यायचं?

सेफ्टी रेझर घेतला की पहिला प्रश्न हाच असतो, ब्लेड कुठलं घेऊ. आणि विचारायला गेलं की प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो, एक म्हणतो फेदर घे त्याच्यासारखी धार कुणाचीच नाही, दुसरा म्हणतो नवख्याने फेदरला हात पण लावू नये, तिसरा डर्बीचं नाव घेतो आणि चौथा म्हणतो डर्बीने माझे केस नुसते ओढले जातात. हे चौघंही खरंच सांगत असतात. ब्लेड कसं लागतं ते जेवढं ब्लेडवर असतं तेवढंच तुमचे केस किती राठ, कातडी किती नाजूक, रेझर कसला आणि हाताचा दाब किती यावर असतं. त्यामुळे दुसऱ्याचं आवडतं ब्लेड तुम्हाला लागेलच असं नाही, तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं, आणि ते नीट पद्धतीने शोधलं तर फार वेळ लागत नाही.

आधी बसतंय का ते बघू. नेहमीच्या सेफ्टी रेझरला दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ ब्लेड लागतं. किंग कॅम्प जिलेटच्या कंपनीने हा प्रकार 1903 मध्ये विकायला काढला, त्या वर्षी जेमतेम 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली होती, पेटंट 1904 चं. आज हा आकार सगळीकडे एकच आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीच्या दुधारी रेझरमध्ये बसतं, अगदी आजोबांचा जुना रेझर असला तरी बहुतेक वेळा बसतंच. फक्त इंजेक्टर, जेम, आर्टिस्ट क्लब असली नावं दिसली तर ती वेगळ्या रेझरची ब्लेडं आहेत, ती घेऊ नका. शावेट म्हणजे ब्लेड बदलायचा वस्तरा, त्याला बऱ्याचदा हेच दुधारी ब्लेड मधून अर्धं मोडून लावतात, पण तो हात वेगळा आहे, सुरुवात त्याने नको.

मग आकार एक आणि जाडी पण जवळपास एकच, साधारण 0.1 मिलिमीटर, तर फरक कुठे पडतो? फरक पडतो स्टीलमध्ये, धार कशी लावलीय त्यात आणि धारेवर कसला थर दिलाय त्यात. पूर्वी सगळी ब्लेडं कार्बन स्टीलची असायची, दाढी करून ओलं ठेवलं की गंज. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेसची ब्लेडं आणली, ती इतकी जास्त टिकायची की बाकीच्या कंपन्यांना पण त्याच वाटेने जावं लागलं. आज मिळतात ती जवळजवळ सगळी स्टेनलेसच, धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा अगदी पातळ थर आणि त्यावर बऱ्याचदा टेफ्लॉनसारखा गुळगुळीत थर. कार्बनची ब्लेडं अजून मिळतात, ट्रीट कंपनीची काही आहेत, काहींना ती फार आवडतात पण प्रत्येक वेळी काढून कोरडी करायची तयारी पाहिजे. आणि पाकिटावर प्लॅटिनम लिहिलंय म्हणून भुलून घेऊ नका, तो शब्द इतक्या कंपन्या छापतात की त्यावरून ब्लेड कसं लागेल याचा काही अंदाज येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्लेडबद्दल बोलताना लोक दोन गोष्टी बोलतात, धार आणि मऊपणा. धार म्हणजे केस किती सहज कापला जातो, आणि मऊपणा म्हणजे कातडीवरून फिरताना आणि नंतर कसं वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एखादं ब्लेड जबरदस्त धारदार असून मऊ लागतं, एखादं कमी धारेचं असून चरचरतं. नवख्या माणसाला नेहमी सांगतात की कमी धारेचं घे, म्हणजे कापणार नाही. मला हा सल्ला अर्धाच पटतो. धार कमी पडली की केस एका फिरवण्यात जात नाही, मग माणूस तिथेच परत परत रेझर फिरवतो, वर दाब देतो, आणि आग होते ती त्या दाबाने आणि त्या तीन-चार जादा फेऱ्यांनी. ज्याची दाढी राठ आणि दाट आहे त्याने मिळमिळीत ब्लेड घेतलं तर त्याला वाटणार की सेफ्टी रेझर हा प्रकारच वाईट. उलट ज्याचे केस विरळ आणि मऊ आहेत आणि हात अजून बसला नाही, त्याला फेदर लावलं तर जरा कोन चुकला की रक्ताचे ठिपके. म्हणून सुरुवात मधल्या धारेच्या ब्लेडने करा.

मधलं म्हणजे कुठलं? माझं मत विचाराल तर अॅस्ट्रा सुपिरियर प्लॅटिनम, तेच हिरव्या पाकिटातलं, किंवा जिलेट सिल्व्हर ब्लू, किंवा पर्सोना. ही बऱ्याच वेगवेगळ्या चेहऱ्यांवर चालतात, यातलं कुठलंही एक घ्या. शार्क, डर्बी एक्स्ट्रा ही जरा सौम्य बाजूची, मऊ दाढीवाल्यांनी त्यातलं एक घेतलं तरी हरकत नाही. फेदर आणि काई (Kai) ही धारदार बाजूची, ती नंतरसाठी ठेवा.

आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, पहिल्याच दिवशी पंधरा प्रकारच्या ब्लेडांचं सँपलर पॅक मागवू नका. सगळे तेच सुचवतात पण ते दुसऱ्या टप्प्याचं काम आहे. तुमचा कोन रोज वेगळा, दाब रोज वेगळा, फेस एक दिवस घट्ट आणि एक दिवस पाण्यासारखा, अशात ब्लेड पण रोज बदललं तर चांगलं कशामुळे झालं आणि वाईट कशामुळे, काही कळणार नाही. एकाच प्रकारची एक-दोन पाकिटं घ्या आणि हात बसेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, तीच वापरा. 100 ब्लेडांचा बॉक्स स्वस्त पडतो म्हणून तो पण आत्ताच नको.

या आठवड्यांत लक्ष ब्लेडवर ठेवूच नका, बाकीच्यावर ठेवा. दाढी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं चांगली भिजवा, अंघोळीनंतर केली तर उत्तमच, कारण भिजलेला केस फुगतो आणि मऊ होतो आणि कोरड्या केसापेक्षा खूप कमी जोर लावून कापला जातो. ब्रशने फेस दह्यासारखा दाट आणि ओला करा, नुसते हवेचे बुडबुडे नकोत. रेझर कातडीशी साधारण 30 अंशाच्या कोनात धरा, दाब शून्य, रेझरचं वजनच पुरतं. आधी केसांच्या दिशेने, मग परत फेस लावून आडवा, आणि उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, हा शेवटी आणि कातडीला सोसत असेल तरच, गळ्यावर तर सुरुवातीला अजिबात नको. केसांची दिशा सगळीकडे सारखी नसते, गळ्यावर तर एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला आडवी असं पण असतं, एक दिवस खुंट वाढू द्या आणि बोटं फिरवून बघा.

रेझरचाही संबंध आहे. एडविन जॅगर डीई89 किंवा मर्कुर 34सी यांसारख्या सौम्य रेझरमध्ये धारदार ब्लेड पण सांभाळून चालतं. मुह्ले आर41 सारख्या आक्रमक रेझरमध्ये ब्लेड जास्त उघडं असतं, तिथे साधं ब्लेड पण अंगावर येतं, त्यामुळे अशा रेझरवर शिकत असाल तर ब्लेडला नावं ठेवायची घाई करू नका.

ब्लेड बसवताना आखूड बाजूंनी धरा, धारेच्या बाजूने नाही. काही कंपन्यांच्या ब्लेडवर मेणाचे बारीक ठिपके असतात, ब्लेड कागदात हलू नये म्हणून, गरम पाण्याखाली धरलं की जातात. घट्ट पिळल्यावर समोरून बघा, दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर दिसतंय का. एका बाजूला जास्त असेल तर ती बाजू बोचणार, आणि तुम्ही म्हणणार ब्लेड खराब. सैल करून सरळ करा, परत पिळा.

हात बसला, दोन दाढ्या साधारण सारख्या व्हायला लागल्या, की मग सँपलर घ्या. पाच-सहा प्रकार पुरे, सौम्य बाजूची एक-दोन, मधली दोन, धारदार एक-दोन. रेझर, साबण, ब्रश सगळं तेच ठेवा, फक्त ब्लेड बदला. प्रत्येकाला निदान तीन दाढ्या द्या, शक्य असेल तर त्याच पाकिटातलं दुसरं ब्लेड पण वापरून बघा. पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नका, काही ब्लेडं पहिल्यांदा जरा कडक लागतात आणि दुसऱ्या दाढीला एकदम छान चालतात. फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा, ओढलं का, आग झाली का, संध्याकाळपर्यंत चेहरा कसा राहिला, कारण चौथ्या ब्लेडपर्यंत पहिलं कसं होतं ते विसरायला होतं. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवली तर ती पण खरं सांगते, जिथे झोंबेल तिथे जास्त घासलं गेलंय.

लिहिलेलं वाचायचं कसं तर असं. पहिल्याच फेरीत केस ओढले जातायत, फेस चांगला आहे, दाढी भिजलीय, तरी ओढतंय, म्हणजे ब्लेडची धार तुमच्या केसांना कमी पडतेय, एक पायरी वर जा. केस लोण्यासारखे कापले गेले पण नंतर तासभर आग होतेय, तर आधी फेऱ्या आणि दाब कमी करून बघा, तरी होत असेल तर ते ब्लेड तुमच्या कातडीला मऊ नाही. नेहमी एकाच जागी, समजा हनुवटीखाली, ठिपके येत असतील तर तो कोनाचा प्रश्न आहे, ब्लेड बदलून जाणार नाही. गळ्यावर पुटकुळ्या किंवा आत वाढलेले केस येत असतील तर उलटा हात थांबवा आणि मगच ब्लेडचा विचार करा.

एक ब्लेड किती वेळा? बहुतेकांचं तीन ते पाच दाढ्या चालतं, राठ दाढीला कमी, मऊ दाढीला जास्त. मोजण्यापेक्षा पहिल्यांदा ओढल्यासारखं वाटलं की त्याच दिवशी बदला, आणखी एक दाढी काढू म्हणून ताणू नका. केसासारख्या मऊ वस्तूने स्टीलची धार कशी जाते असं वाटू शकतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, स्टील केसापेक्षा 50 पट कठीण असून पण केस कापला जाताना वाकला आणि त्या जागी धारेचं स्टील एकसारखं नसलं की धारेचा बारीक टवका उडतो. धार नुसती झिजत नाही, तुटते पण, आणि असे टवके वाढत गेले की ब्लेड ओढायला लागतं.

म्हणूनच धार टॉवेलने पुसायची नाही, तिच्यावरचा थर पण जातो आणि बोट पण. वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका, रेझर कोरड्या जागी उभा ठेवा. ब्लेड दुसऱ्या कुणाबरोबर वाटून वापरू नका, घरातल्या माणसाबरोबर पण नाही, रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याचा एखादा बंद डबा घ्या, झाकणाला फट पाडा, त्यात टाकत जा, भरायला काही वर्षं लागतात, भरला की चिकटपट्टीने बंद करा आणि धारदार कचरा जसा द्यायचा असतो तसा द्या.

आवडलेलं ब्लेड सापडलं की मग खुशाल मोठा बॉक्स घ्या, कागदात बंद असलेलं स्टेनलेस ब्लेड कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतं. मात्र घेताना नेहमीच्या खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, नावाजलेल्या ब्लेडांची नक्कल होते, छपाई पुसट किंवा कागद वेगळा वाटला तर परत करा. आणि सँपलरमधली नापसंत पडलेली ब्लेडं फेकू नका, पुढे कधी रेझर बदललात तर ती परत लावून बघा, सौम्य रेझरमध्ये ओढणारं ब्लेड दुसऱ्या रेझरमध्ये एकदम गोड चालू शकतं.