टी पेशीतलं कॅल्शियम मोजताय? या चुका टाळा

मार्च सरत आला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. ताट्यांवर मागच्या उन्हाळ्याचा पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. तो बहुतांशी चुना, म्हणजे बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कुणी टी पेशींमधले (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींमधले) कॅल्शियमचे संदेश मोजायला घेतले, की मी त्याला आधी हा थर दाखवते.

शांत बसलेल्या टी पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम असतं साधारण 100 नॅनोमोलर. बाहेर रक्तात ते सव्वा मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. पेशी रात्रंदिवस पंप चालवून ते बाहेर काढत राहते, म्हणूनच थोडं आत शिरलं तरी तिला लगेच कळतं. पेशीला किती कॅल्शियम आहे याच्याशी देणंघेणं नाही, किती बदललं याच्याशी आहे. आपलं मोजमापही त्या बदलाचंच असतं: पेशीत फ्युरा-2 सारखा रंग भरतो, कॅल्शियम बदललं की त्याची चमक बदलते, तिचा आलेख काढतो. तो बदल आपल्याच भांड्यांतून आला, तर पेशीबद्दल आपण काहीच मोजलेलं नसतं.

‘कॅल्शियम-मुक्त’ द्रावणावर डोळे मिटून विश्वास

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅम निघाला आणि तो सगळा कॅल्शियमचाच धरला, तर ते झालं 2 मिलिमोलर, रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमपेक्षाही जास्त. त्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटलीत बनवलेलं द्रावण मुक्त कसं राहील? शेवटची धुलाई चांगल्या डिस्टिल्ड पाण्यानेच करा, द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा आणि ईजीटीए हे कॅल्शियम पकडणारं रसायन घाला. ईजीटीए कॅल्शियम पकडताना आम्ल सोडतं आणि आम्ल वाढलं की त्याची पकड ढिली होते, म्हणून ते घातल्यावर पीएच पुन्हा तपासा.

आमच्या पहिल्याच प्रकल्पात थॅप्सिगार्जिन (पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा रिता करणारं रसायन) टाकल्यावर आलेख चढला तो उतरेचना. तीन आठवडे आम्ही पेशींना दोष देत बसलो. दोष बाटल्यांचा होता. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनाही हेच भोवलं होतं. बेडकाचं हृदय साध्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहतं असं त्यांना 1882 मध्ये वाटलं. पण ते द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. डिस्टिल्ड पाणी वापरलं तेव्हा हृदय थांबलं. 1883 मध्ये त्यांनी चूक दुरुस्त केली आणि कॅल्शियमचं काम जगाला कळलं.

एका उंचवट्यावरून निष्कर्ष

घरात रांजण आणि दारात नळ, असं समजा. पेशीतला रांजण म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. प्रतिजन, म्हणजे जंतूचा तुकडा, ओळखला गेला की आधी रांजणातलं कॅल्शियम बाहेर पडतं. रांजण रिता झाल्याचं स्टिम 1 हे प्रथिन ओळखतं आणि पेशीच्या पडद्यातली ओराय 1 ची वाट उघडतं. मग बाहेरून धार सुरू होते. स्टिमचं हे काम 2005 मध्ये उलगडलं, ओरायचं 2006 मध्ये. ओराय 1 मध्ये जन्मजात दोष असलेल्या बाळांमध्ये टी पेशी असतात, पण त्या कामाला लागत नाहीत आणि जीवघेणे संसर्ग होतात. हा नळ एवढा मोलाचा आहे.

बाहेर कॅल्शियम ठेवूनच प्रयोग केला तर रांजण आणि नळ आलेखात एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी कॅल्शियमशिवाय थॅप्सिगार्जिन द्या. छोटा उंचवटा येऊन खाली बसेल, तो रांजणाचा. मग बाहेर कॅल्शियम घाला. आता जो चढ येतो तो नळाचा. घाई करून पहिला उंचवटा खाली बसायच्या आत कॅल्शियम घालू नका.

जांभळ्या टोपणाची नळी

नैतिक समितीची परवानगी घेऊन रक्त आणता आणि ते असतं ईडीटीएच्या नळीत. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, निळ्या टोपणातलं सायट्रेटही तेच करतं. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी मागा. मोजणीचं यंत्र नागपूरला किंवा अमरावतीला, तेव्हा नमुना एसटीने जाणार. तो थेट बर्फावर ठेवू नका, मेच्या उन्हातही सोडू नका. थर्मोकोलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेल्या थंड पॅकसोबत न्या.

‘खोलीचं तापमान’ शब्दशः घेणं

कृतीपत्रिकेतली खोली 20 ते 25 अंशांची असते. आमची मेमध्ये 40 पार. अशा उष्णतेत रंग पेशीद्रव्यात न राहता आतल्या पिशव्यांत शिरतो आणि बाहेरही गळतो. फ्युरा-2 ची कॅल्शियमवरची पकडही तापमानाने बदलते: 20 अंशांना स्थिरांक (ज्या पातळीला निम्मा रंग कॅल्शियमने बांधला जातो ती) सुमारे 135 नॅनोमोलर, 37 अंशांना 224. एका तापमानाचा स्थिरांक दुसऱ्याला लावला की सगळे आकडे चुकतात. रंग भरल्यावर पेशींना अर्धा तास तरी द्या, नाहीतर अर्धवट सुटलेला फ्युरा चमकत राहतो, पण कॅल्शियमला दाद देत नाही.

लाइन गेली की फ्रीझरमधला रंग वितळतो, आली की गोठतो. पावसाळ्यात डीएमएसओ (रंग ज्यात विरघळवतात तो द्रव) हवेतली ओल ओढून घेतं आणि रंग आधीच तुटून जातो. छोट्या भागांत, सिलिका जेलसोबत ठेवा. एक भाग एकदाच वापरा.

सिग्नल नाही, म्हणजे पेशी निकामी?

आधी आयनोमायसिन टाका, ते कॅल्शियम थेट पेशीत शिरवतं. तरीही काही हललं नाही तर रंग भरला गेलेला नाही, किंवा तो खराब आहे. आयनोमायसिनने चढला पण उद्दीपकाने नाही, तर मग पेशीकडे किंवा उद्दीपकाकडे बघा. हे प्रत्येक नमुन्याच्या शेवटी करा, फक्त अडचण आली की नव्हे.

सरासरीत लाटा हरवणं

एकेका टी पेशीत कॅल्शियम लाटांसारखं चढतं-उतरतं. हजार पेशींची सरासरी काढली की सपाट पठार दिसतं, आणि विद्यार्थी लिहितो, ‘स्थिर वाढ’. सूक्ष्मदर्शकाखाली निदान वीस-तीस पेशींचे वेगळे आलेख ठेवा. मोजणी दोन मिनिटांत थांबवू नका. कॅल्शियम खाली आलं की एनएफएटी हे जनुकं चालू करणारं प्रथिन काही मिनिटांत केंद्रकातून परत फिरतं. जनुकं चालू राहायला संदेश तासन्‌तास टिकावा लागतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं जाणारं टॅक्रोलिमस एनएफएटीचा हाच रस्ता अडवतं.

प्रकल्प मांडताना गावातलं कुणीतरी विचारतंच, मग कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या तर प्रतिकारशक्ती वाढेल का? नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर अगदी मर्यादेत राखतं, आणि टी पेशीची ओरायची वाट गोळीने उघडत नाही, प्रतिजन भेटल्यावर उघडते. हे उत्तर विद्यार्थ्याला साध्या मराठीत देता आलं पाहिजे. मी तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारते.