पिनबॉल यंत्र घडवताना या चुका टाळा: दोष लाकडात, लोखंडात की नियमांत?

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर पोलादी चेंडू फ्लिपरने, म्हणजे बटण दाबून हलवायच्या छोट्या दांड्यांनी, टोलवत गुण मिळवण्याचा खेळ. नव्या पिनबॉल यंत्राच्या पहिल्या चाचण्यांत हमखास ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे "डावीकडचा रॅम्प जमतच नाही." अशा वेळी नियम लिहिणाऱ्याला सुचणारा उपाय अगदी सोपा असतो. तीन वेळा रॅम्प, म्हणजे चेंडू चढवायची उंच वाट, पार केल्यावर मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक चेंडूंचा खेळ) सुरू होणार असेल, तर तीनच्या जागी दोन लिहावे. तक्रार थांबते, दोष मात्र जिथे होता तिथेच राहतो, कारण रॅम्पच्या तोंडाशी बसवलेली पोलादी पट्टी प्लेफील्डपासून, म्हणजे चेंडू फिरतो त्या फळीपासून, किंचित उचललेली असते आणि चेंडू तिच्यावर आदळून उडतो, हे कोणी पाहिलेलेच नसते. पिनबॉलमधला दोष प्लेफील्डच्या भूमितीत असतो, कॉइल (भाग हलवणारे विद्युतचुंबक) आणि स्विच (चेंडूची चाहूल घेणारे) यांच्यात असतो किंवा प्रोग्रॅममध्ये असतो. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी झाकणे ही या कामातली मूळ चूक आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

नियमांची वही आधी भरणे

यंत्राची कथा ठरली की नियम कागदावर भराभर उतरवण्याचा मोह होतो. परंतु चेंडू कोणत्या फ्लिपरवरून कुठे जाऊ शकतो हे ठरल्याशिवाय "हे सहा शॉट (ठरलेल्या जागी मारायचे नेम) पूर्ण करा" या वाक्याला काही अर्थ नसतो. 1947 साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी प्रथम फ्लिपर बसवले, तेव्हा ते सहा होते आणि दोन्ही बाजूंना ओळीने लावलेले होते. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेक यांनी 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये दोनच फ्लिपर तळाशी आणले, आणि तेव्हापासून प्लेफील्डवरची प्रत्येक गोष्ट या दोन बिंदूंपासून मोजली जाऊ लागली. म्हणून आराखडा काढताना फ्लिपरच्या टोकापासून, मध्यापासून आणि मुळापासून निघणाऱ्या रेषा आधी आखाव्यात, त्या रेषांवर रॅम्प, फिरकी (चेंडूच्या धक्क्याने फिरणारी पाती) आणि टार्गेट (चेंडू आदळायचे फलक) बसवावेत, मग व्हाइटवुड म्हणजे चित्रे न छापलेला प्लायवुडचा नमुना कापून त्यावर चेंडू खेळवावा, आणि नियमांचा पहिला मसुदा त्यानंतरच लिहावा. उलट क्रमाने गेल्यास कागदावर रंगतदार वाटणारा नियम एखाद्या अशा शॉटवर अवलंबून राहतो, जो दहापैकी एकदाच साधतो.

रॅम्प आज जमतो, उद्या जमत नाही

या विषयावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण येथे चुकीचे निदान सर्वांत जास्त होते. आजकालची यंत्रे साधारण 6.5 अंशांच्या उतारावर उभी केली जातात. या उतारावर चेंडू दर मीटरला सुमारे 11 सेंटिमीटर वर चढतो. फ्लिपरपासून रॅम्पचे तोंड 70 सेंटिमीटरवर असेल, तर रॅम्पला स्पर्श होण्याआधीच चेंडूने जवळजवळ 8 सेंटिमीटर चढण पार केलेली असते. मागचे पाय थोडे उंच करून उतार 7.5 अंशांवर नेला, की हीच चढण 9 सेंटिमीटरच्या पुढे जाते. यंत्र विकत घेणारा माणूस खेळ लवकर संपावा म्हणून उतार वाढवणारच, हे गृहीत धरून रॅम्पची चाचणी नेहमी अधिक उतारावर घ्यावी.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये सामान्यतः दोन वेटोळी असतात. एक जोरदार ठोका देते, दुसरे फ्लिपर वर धरून ठेवते, आणि फेक पूर्ण होताच जोरदार वेटोळ्याचा प्रवाह तोडला जातो. सतत खेळल्यावर कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्याने वाढत असल्याने तापमान 50 अंशांनी वाढले तर रोध जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो, प्रवाह त्या प्रमाणात घटतो, आणि सकाळी सहज पार होणारा रॅम्प तासाभराच्या खेळानंतर मधूनच चेंडू परत पाठवू लागतो. कॉइलची ताकद वाढवणे हा यावर उपाय नव्हे, कारण जास्त ताकदीमुळे थंड यंत्रात चेंडू रॅम्पवरून उडून काचेवर आदळतो आणि प्लास्टिक फुटते. रॅम्पची चढण कमी करावी, वळण अधिक रुंद करावे, आणि तापलेल्या कॉइलवर, फ्लिपरवर चेंडू स्थिर धरून मारलेला शॉट पुरेशा वेगाने वर जातो की नाही, हे पाहावे. हे सगळे झाल्यावरही रॅम्प अवघड वाटत असेल, तरच नियमाला हात लावावा.

खेळाडूची चूक नसताना चेंडू जाणे

चेंडू गमावणे हाच खेळाचा अर्धा भाग आहे, हे खरे. पण स्कूपमधून, म्हणजे चेंडू पकडून परत फेकणाऱ्या खाचेतून, बाहेर फेकलेला चेंडू थेट दोन फ्लिपरच्या मधून खाली गेला, तर खेळाडू स्वतःला नव्हे, यंत्राला दोष देतो, आणि माझ्या मते त्याचे बरोबरच असते. बाहेर फेकणाऱ्या कॉइलचा जोर प्रत्येक यंत्रात सारखा राहत नाही, म्हणून फेकीची दिशा अशी ठेवावी की जोर थोडा कमी-जास्त झाला तरी चेंडू एखाद्या फ्लिपरच्या मध्यावर पडेल. पॉप बंपरमधून (चेंडूला जोरात उडवणाऱ्या गोल अडथळ्यांमधून) निघालेल्या चेंडूची वाटही थेट आउटलेनकडे, म्हणजे चेंडू खेळाबाहेर नेणाऱ्या कडेच्या वाटेकडे, जाऊ नये. आउटलेनच्या तोंडाशी असलेल्या खांबासाठी, तो सरकवून वाट अरुंद किंवा रुंद करता यावी म्हणून, दोन-तीन छिद्रे ठेवणे ही जुनी आणि शहाणपणाची सोय आहे.

फ्लिपरच्या अगदी समोर, काटकोनात उभे केलेले टार्गेट हा धोका सर्वांत जास्त निर्माण करते, कारण चेंडू ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मधोमध परततो. ते काही अंशांनी वळवावे, किंवा धोका मुद्दाम ठेवायचा असल्यास त्याचा मोबदला खेळाडूला द्यावा. 1997 साली विल्यम्सने काढलेल्या ब्रायन एडी यांच्या 'मिडीव्हल मॅडनेस' या यंत्रात किल्ला अगदी समोर आहे आणि त्याच्या पुलावर आदळून परतणारा चेंडू भल्याभल्यांना घाबरवतो, परंतु प्रत्येक ठोक्याने किल्ला पडण्याच्या जवळ येतो आणि ते डोळ्यांना दिसते, म्हणून खेळाडू पुन्हा तिथेच नेम धरतो.

चेंडू अडकून बसण्याचा प्रश्न मात्र सरळ मोजपट्टीचा आहे. चेंडूचा व्यास 27 मिलिमीटर असतो, आणि खांबावर चढवलेल्या रबरी कडीची जाडी आराखड्यात विसरली, की उताराला आडव्या असलेल्या दोन खांबांमधली फट चेंडूपेक्षा किंचित लहान होते आणि तो तिथे ठाण मांडून बसतो. एक खांब थोडा खाली सरकवावा.

सुरक्षित शॉटला सर्वाधिक गुण

समजा, एक रॅम्प दहापैकी आठ वेळा साधतो, चुकला तरी चेंडू शांतपणे फ्लिपरवर येतो, आणि त्याचे गुण 1 लाख आहेत. दुसरीकडे, एक टार्गेट दहापैकी तीन वेळा साधते, चुकल्यावर चेंडू जाण्याची भीती असते, आणि त्याचे गुण 2 लाख आहेत. दहा प्रयत्नांत रॅम्प 8 लाख देतो आणि टार्गेट 6 लाख, तेही चेंडू धोक्यात घालून. चाणाक्ष खेळाडू उरलेले सर्व यंत्र विसरून तासभर तोच रॅम्प मारत राहील. हा दोष नियमांतला आहे आणि तो नियमांतच सुटतो. सलग मारलेल्या शॉटचे गुण कमी करता येतात, किंवा दुसरा शॉट मारल्यावरच रॅम्प पुन्हा पेटवता, म्हणजे गुणांसाठी खुला करता, येतो.

नियम खेळाडूला दिसत नसेल तर तो नसल्यासारखाच आहे. 1992 सालच्या, पॅट लॉलर यांनी रचलेल्या 'द ॲडम्स फॅमिली'मध्ये वाड्याच्या खोल्या प्लेफील्डच्या मधोमध छापलेल्या आहेत आणि पूर्ण झालेली खोली उजळलेलीच राहते. 20 हजारांहून अधिक विकल्या गेलेल्या त्या यंत्रावर नवखा माणूसही काय बाकी आहे ते एका नजरेत ओळखतो. पडद्यावरच्या बारीक अक्षरांत सांगितलेला नियम चेंडू वेगात असताना कोणी वाचत नाही.

चेंडूंची मोजणी आणि मधले क्षण

प्रोग्रॅममधल्या चुकांपैकी सर्वांत संतापजनक चूक म्हणजे चेंडू खेळात असतानाच पाळी संपणे. लॉकमध्ये, म्हणजे चेंडू अडकवून ठेवण्याच्या जागेत, दोन चेंडू आहेत असे प्रोग्रॅम समजतो, प्रत्यक्षात एक उसळून बाहेर आलेला असतो. मोजणी नेहमी स्विचच्या प्रत्यक्ष स्थितीवरून करावी, आठवणीवरून नव्हे. बराच वेळ एकही स्विच लागला नाही, तर सर्व कॉइल क्रमाने चालवून चेंडू शोधावा. 1993 सालच्या 'ट्वायलाइट झोन'मध्ये चुंबकाला दाद न देणारा सिरॅमिकचा हलका चेंडू आहे, आणि तो कोणता हे ओळखण्यासाठी धातूची चाहूल घेणारा सेन्सर बसवावा लागला. वेगळा चेंडू हवा असेल तर असा खर्च आराखड्यातच धरावा लागतो.

चेंडू वाचवण्याचा दिवा (तो पेटलेला असताना गेलेला चेंडू परत मिळतो) विझल्यावरही दोन-तीन सेकंदांची छुपी सवलत ठेवावी, कारण फ्लिपरखाली गेलेला चेंडू तळाच्या स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत दिवा विझतो आणि खेळाडूला फसवणूक वाटते. टिल्टचा, म्हणजे यंत्र जास्त हलवल्यास चेंडू गमावायला लावणारा, लंबकही असाच दगा देतो. एकाच धक्क्याने तो अनेकदा कडीला टेकतो आणि एका चुकीचे तीन इशारे मोजले जातात, म्हणून पहिल्या स्पर्शानंतर काही क्षण पुढचे स्पर्श दुर्लक्षित ठेवावेत. शिवाय लंबक शांत होईपर्यंत पुढचा चेंडू बाहेर काढू नये, अन्यथा एका खेळाडूच्या रागाची शिक्षा दुसऱ्याला होते. अनेक खेळाडूंच्या खेळात पहिल्याने लॉकमध्ये अडकवलेले चेंडू दुसऱ्याच्या नावे मोजायचे की नाहीत, हेही आधीच ठरवावे. दोन्ही पद्धती चालतात, न ठरवणे चालत नाही.

चाचणीला केवळ रचनाकार आणि त्याचे पटाईत मित्र बसवले, तर यांतले निम्मे दोष दिसणारच नाहीत, कारण त्यांचा चेंडू सहसा जिथे जायला हवा तिथेच जातो. प्रत्येक स्विच किती वेळा लागला आणि चेंडू कोणत्या वाटेने गेला याची नोंद यंत्रानेच ठेवावी. डाव्या आउटलेनचा आकडा उजव्याच्या दुप्पट निघाला, तर प्रोग्रॅम उघडण्याआधी काच काढून डावीकडच्या स्लिंगशॉटचे (फ्लिपरच्या वर असलेल्या, चेंडू उडवणाऱ्या त्रिकोणी भागाचे) रबर आणि यंत्राची डावी-उजवी पातळी तपासावी.