क्रंचविना गेम पूर्ण करायचा, तर स्टुडिओप्रमुखांनी काय करावे

गेम प्रदर्शित होण्यापूर्वी काही आठवडे, कधी काही महिने, संपूर्ण चमूने रात्री-बेरात्री आणि रविवारीही राबण्याच्या पद्धतीला या व्यवसायात क्रंच म्हणतात आणि अनेक ठिकाणी ती निष्ठेची खूण मानली जाते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा नियोजनातील चुकीची वसुली असते. चूक करणारा एक आणि भरपाई करणारा दुसराच, असा तो व्यवहार असतो. शिवाय त्यातून दर्जा मिळेलच असेही नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘सायबरपंक २०७७’साठी क्रंच सक्तीचा करणार नाही असे २०१९ मध्ये सांगितले होते, सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू झाला, डिसेंबरमध्ये गेम आला आणि त्यातील दोषांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सोनीने जेमतेम आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. म्हणून सुधारणेची सुरुवात योगवर्गापासून किंवा रात्रीच्या मोफत पिझ्झापासून न करता वेळापत्रकापासून करावी.

वेळापत्रक आखण्यापूर्वी खेळाचा दहा-पंधरा मिनिटांचा एक भाग अंतिम दर्जाचा करून पाहावा, म्हणजे व्हर्टिकल स्लाइस तयार करावा, आणि त्याला प्रत्यक्ष किती माणसे व किती दिवस लागले हे मोजून त्यावरूनच उरलेल्या कामाचा अंदाज बांधावा. बैठका, मोडलेले बिल्ड (गेमची त्या वेळची चालती आवृत्ती) आणि परत आलेले काम यांत रोजचे दोन-तीन तास जातात, हे गृहीत धरूनच दिवस मोजावेत. त्यानंतर खेळातील वैशिष्ट्यांची तीन गटांत विभागणी करावी: ज्यांच्याविना हा गेम उभाच राहणार नाही ती, असली तर बरी अशी, आणि केवळ हौसेची. दुसऱ्या व तिसऱ्या गटातील प्रत्येक वैशिष्ट्यापुढे एक तारीख लिहावी आणि त्या तारखेपर्यंत ते खेळण्याजोगे झाले नाही, तर ते वगळले जाईल, असे आधीच सर्वांना सांगावे. डिझायनरला हे क्लेशदायक वाटते, पण शेवटच्या महिन्यात वगळण्यापेक्षा सहाव्या महिन्यात वगळलेले परवडते. निन्टेन्डोने ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ २०१९ वरून मार्च २०२० वर ढकलला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या काम आणि आयुष्यातील समतोलाचे कारण उघडपणे दिले गेले होते. अर्थात निन्टेन्डोची तिजोरी प्रत्येकाकडे नसते; लहान स्टुडिओच्या हाती तारीख पुढे ढकलण्यापेक्षा स्कोप, म्हणजे खेळाचा आवाका, कमी करणे हेच खरे साधन असते.

ज्यांचे पैसे पब्लिशरकडून, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून, माइलस्टोननुसार, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यांनुसार, येतात, त्यांनी करारातच एका वैशिष्ट्याऐवजी तेवढ्याच कामाचे दुसरे देण्याची मुभा मागावी. पुण्या-मुंबईत परदेशी कंपन्यांसाठी आर्ट, पोर्टिंग (गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणे) किंवा टेस्टिंग करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते: लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा येथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. अशा वेळी अभिप्राय लेखी मागवावा, थेट बैठका आठवड्यातून एक-दोनदाच ठेवाव्यात, त्यांना आळीपाळीने एकेकानेच बसावे आणि बसणाऱ्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यावे.

तरीही जादा काम लागणारच नाही असे नाही. ते लागल्यास त्याचे कारण, संपण्याची तारीख आणि बदली रजेचा दिवस या तिन्ही गोष्टी लेखी असाव्यात आणि तास नोंदवले जावेत. ‘कोणी थांबायला सांगितले नव्हते’ हा बचाव फारसा प्रामाणिक नसतो, कारण लीड, म्हणजे गटप्रमुख, रात्री दहापर्यंत बसून असेल, तर नवखा मुलगा सहाला उठत नाही. त्यामुळे वेळेवर घरी जाण्याचा पहिला नियम प्रमुखांना लागू करावा. ‘हेडीस’ बनवणाऱ्या सुपरजायंट गेम्समध्ये वर्षाला किमान वीस दिवस रजा घेणे बंधनकारक करण्यात आले आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर ईमेल न पाठवण्याचा नियम झाला. दोन्ही नियमांना फारसा खर्च नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते क्यूए, म्हणजे गेम खेळून दोष शोधणाऱ्या, विभागातील लोक. ते अनेकदा कंत्राटी असतात, वेळापत्रक घसरले की त्यांचाच कालावधी आक्रसतो आणि बग (दोष) निसटला की बोल त्यांनाच लागतो. रेव्हन सॉफ्टवेअर या अमेरिकी गेम स्टुडिओत डिसेंबर २०२१ मध्ये टेस्टरांना कमी करण्यात आले, त्यावर सहकाऱ्यांनी काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये तेथील टेस्टरांनी संघटनेच्या बाजूने मतदान केले. टेस्टरांना पहिल्या खेळण्याजोग्या बिल्डपासून सामील करावे, नियोजनाच्या बैठकीत त्यांच्या लीडला मत असावे आणि सामग्री गोठवल्यानंतरचा, म्हणजे नवी भर थांबवल्यानंतरचा, बग दुरुस्तीचा काळ कोणत्याही कारणाने कापू नये.

जादा कामाइतकीच तक्रारीची वाटही मोकळी असावी लागते. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती लागते, आणि तिच्यात बाहेरची सदस्य असणे ही केवळ औपचारिकता नव्हे. लहान स्टुडिओत संस्थापक, मित्र आणि वरिष्ठ हे एकच असतात; तक्रार ऐकणारी व्यक्ती त्या वर्तुळाबाहेरची असल्याशिवाय कोणी बोलत नाही.

श्रेयनामावलीचे धोरण पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावे आणि मध्येच सोडून गेलेल्यांची, कंत्राटदारांची व टेस्टरांची नावे त्यात धरावीत. नाव गळेल या भीतीने थकलेला माणूस चिकटून राहतो, हे कोणाच्याच हिताचे नाही. गेम आल्यानंतर पहिल्या पॅचचे, म्हणजे दुरुस्तीच्या आवृत्तीचे, काम आटोपताच चमूला आळीपाळीने रजा द्यावी, परतल्यावर अंदाजित व प्रत्यक्ष तासांचा तक्ता सर्वांसमोर मांडावा आणि पुढील गेमची तारीख त्यानंतरच जाहीर करावी.