भार ०.३ सेकंदालाच का गायब व्हायचा? (माझा अनुभव)

जळगाव जिल्ह्यात केळीबागांमुळे ठिबकची कामं भरपूर. अशाच एका पीव्हीसी पाइपवर पाण्याचा दाब एलएस-डायनात (ताण-आघाताचं संगणकीय विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) लावत होतो. ०.३ सेकंदापर्यंत सगळं सुरळीत, मग पाइप एकदम सैल पडून थरथरायचा. दोन रात्री मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक केला, मटेरियलचे आकडे तपासले. काही फरक नाही.

शेवटी लोड कर्व्हचे (कोणत्या वेळी किती भार हे सांगणाऱ्या आलेखाचे) बिंदू वहीत उतरवले: ० ला ०, ०.०५ ला ०.६ मेगापास्कल, ०.३ ला तेवढाच. आणि रन (विश्लेषणाचा एकूण काळ) होता ०.५ सेकंदाचा! एलएस-डायना भाराचा कर्व्ह स्वतःहून पुढे वाढवत नाही. शेवटचा बिंदू ओलांडला की भार थेट शून्य. आधी माझं काम अबॅकस या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, तिथे तक्त्यातला अ‍ॅम्प्लिट्यूड (वेळेनुसार भार सांगणारा तक्ता) शेवटची किंमत धरून ठेवतो. तीच सवय नडली.

०.६ सेकंदाला ०.६ चा चौथा बिंदू टाकला. थरथर बंद.

वेळेचं एककही बघा. मॉडेल टन-मिलिमीटर-सेकंदात असेल तर दाब मेगापास्कलमध्येच येतो, पण कर्व्हमध्ये मिलिसेकंद भरले तर ०.०५ च्या जागी लिहिलेले ५० म्हणजे ५० सेकंद होतात, आणि भार चढायच्या आतच रन संपतो.